कोलोरॅडोतली हरणाची शिकार: सार्वजनिक जमीन, सोडतीचा परवाना आणि पाठीवरचं ओझं

डोंगरवाट

मंगळवारी रात्री पाऊण वाजता हरणाच्या मांसाची दुसरी खेप गाडीत ठेवली, तेव्हा खांदे भरून आले होते आणि बोटांना काही कळत नव्हतं. आज आठ दिवस झाले. मांस फ्रीजरमध्ये आहे, तपासणीचा निकाल यायचाय, त्यामुळे अजून एक तुकडाही शिजवलेला नाही. या फोरमवर मागे दोघातिघांनी इथल्या शिकारीबद्दल विचारलं होतं आणि मराठीत यावर फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी मूळचा जुन्नरचा, बारा वर्षं डेन्व्हरला आहे. शिकार आमच्या घरात कुणीच केलेली नाही. इथे शेजारी एक आजोबा राहतात, वय ७१. त्यांच्याबरोबर तीन हिवाळे नुसता हिंडलो, दुर्बीण धरायला शिकलो आणि मग अर्ज केला.

जागा म्हणजे वायव्य कोलोरॅडो, रायफल आणि मीकर या दोन गावांच्या मधला डोंगराळ भाग. (हो, गावाचं नावच रायफल आहे.) वर फ्लॅट टॉप्सचं पठार, व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्ट. खाली सेजची करडी झुडपं, खुरटे ओक आणि जुनिपर, आणि ती जमीन बरीचशी बीएलएमची, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याची. उन्हाळाभर हरणं वर असतात. बर्फ पडायला लागला की उतरतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला तिसरा रायफल हंगाम नेमका त्या उतरणीच्या वाटेवर येतो.

इथलं हरीण म्हणजे म्यूल डिअर. कान खेचरासारखे लांब, शेपटीचं टोक काळं. घाबरलं की चारही पाय एकदम उचलून चेंडूसारखं उड्या मारत जातं आणि धार ओलांडायच्या आधी बरेचदा थांबून मागे वळून बघतं.

परवान्याचं गणित थोडक्यात सांगतो. १९९९ पासून या राज्यात हरणाचे सगळे परवाने मोजके आहेत. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करायचा, मग सोडत. पहिल्या पसंतीला नंबर लागला नाही तर एक पॉइंट जमा होतो आणि पुढच्या वर्षी तुमचं पारडं तेवढं जड होतं. सोडतीतून उरलेले परवाने नंतर विकतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात या कोपऱ्यात इतका बर्फ पडला की हरणं आणि एल्क (हरणाचीच मोठ्या अंगाची जात) मोठ्या संख्येने मेले, आणि २०२३ ला वन्यजीव खात्याने परवाने कमी केले. माझी दोन वर्षं त्यात गेली. त्याबद्दल तक्रार नाही, तसंच करायला हवं होतं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याचं कार्ड लागतं. रायफलच्या हंगामात अंगावर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढ्याच वेळात गोळी झाडता येते.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्याच दिवशी दुपारी एका घळीत नर दिसला. दोन्ही शिंगांना चार-चार फाटे, मान जाड, अगदी निवांत चरत होता. अंतर दोनशे यार्डांच्या आत. मी आडवा झालो, रायफल पिशवीवर टेकवली, श्वास सोडला. शेजारी आजोबा बसले होते. त्यांनी दुर्बीण खाली न घेता हळूच विचारलं, "इथून बाहेर कसा काढणार?"

मी घळीकडे नीट बघितलं. दोन्ही बाजूंना घसाऱ्याचा उतार, तळाशी ओकचं जाळं, उत्तरेकडच्या अंगाला गोठलेला बर्फ. बाहेर पडायची वाट एकच, तीही खालून, आणि खालची जमीन खासगी. कोलोरॅडोत खासगी जमिनीवर पाय ठेवायला परवानगी लागतेच, मग तिथे पाटी असो वा नसो. म्हणजे सगळं मांस त्या घसाऱ्यावरून वर चढवायचं, तेही एकट्याने, कारण आजोबांचे गुडघे गेलेले. मी रायफल सेफवर टाकली. नर आणखी वीस मिनिटं चरला आणि ओकमध्ये शिरला.

तीन वर्षांत मला मिळालेला सगळ्यात मोठा धडा हाच. गोळी लागेल का, हा प्रश्न नंतरचा. आधी पाठीवरच्या ओझ्याचा हिशोब करायचा. मांस वाया घालवणं इथे गुन्हा आहे. चारही पाय, पाठीच्या दोन्ही पट्ट्या आणि आतली सुकी (कण्याखालचं मऊ मांस) एवढं तरी बाहेर यायलाच पाहिजे. पण कायदा नसता तरी माझं मत हेच राहिलं असतं. वर पठारावरच्या राखीव रानात तर चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही. पाठ किंवा घोडा.

चौथ्या दिवशी दुसरा नर, लहान, तीन-तीन फाट्यांचा, उघड्या सेजमध्ये. गाडीपासून तीन किलोमीटर, सगळी वाट सार्वजनिक, उतार सौम्य. दुपारचे पावणेतीन. सूर्य तापलेला होता, म्हणजे वारा उतारावरून वर चढत होता. मी खालच्या अंगाला असतो तर माझा वास थेट त्याच्या नाकात गेला असता, म्हणून वळसा घालून आडवा आलो. १६० यार्ड. मी चाप ओढला आणि त्याच क्षणी त्याने पाऊल पुढे टाकलं.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्याने वजन पुढच्या पायावर घेतलं होतं, ते मला दिसायला हवं होतं. गोळी फुप्फुसाच्या मागे लागली. तो वाकला आणि शेपटी दाबून झुडपात गेला. रक्त बघितलं तर गडद, जवळजवळ काळपट. यकृत.

अशा वेळी लगेच मागे गेलं तर जनावर उठून पळतं आणि मैलभर लांब जाऊन मरतं, सापडतही नाही. बसून राहायचं. मी पावणेदोन तास बसलो. इतका वाईट वेळ माझ्या आठवणीत दुसरा नाही. साडेचारला माग काढायला लागलो. सेजच्या पानांना बारीक लव असते, तिच्यावर रक्ताचा थेंब पसरत नाही, मण्यासारखा गोळा होऊन राहतो. गुडघ्यांवर टेकून एक थेंब शोधायचा, तिथे केशरी फीत बांधायची, पुढचा शोधायचा. बावीस फिती. एके ठिकाणी चाळीस पावलं काहीच नव्हतं. मग एका जुनिपरच्या फांदीवर, माझ्या कमरेच्या उंचीला, आतल्या बाजूला एक पुसट पट्टा दिसला. त्याच्या पलीकडे तो निजल्यासारखा पडला होता. पाच वाजून वीस मिनिटं.

परवान्याची चिठ्ठी सही-तारखेसह लगेच लावली. पोट न फोडता सोललं, पुढचे-मागचे पाय सोडवले. नर असल्याची खूण मांसाला जोडलेलीच राहावी लागते, नुसती शिंगं चालत नाहीत, म्हणून एका मांडीवर वृषण तसंच ठेवलं. पहिल्या खेपेला दोन मांड्या, पट्ट्या आणि सुकी. दुसऱ्या खेपेला पुढचे पाय, मानेचं मांस आणि तपासणीसाठी डोकं. प्रत्येक खेप पंचवीसेक किलो. फिती परतताना काढून आणल्या.

विचारा काय विचारायचं ते.

अबोली_पुणे

तुम्ही प्रामाणिक लिहिलंय, म्हणून मीही प्रामाणिकपणे विचारते. ते पावणेदोन तास त्या हरणाने काय सोसलं असेल? तुम्हाला खायला कमी नव्हतं. मी शाकाहारी आहे, पण माझ्या घरात चिकन शिजतं आणि मी त्यावरून वाद घालत नाही. तरीही मोकळ्या रानातला जीव आपण होऊन मारायला जाणं मला पटत नाही.

जर्सीकर

लेख आवडला. मी एच-१बी वर आहे. आम्हाला बंदूक हातातही धरता येत नाही असं ऑफिसमध्ये सगळे म्हणतात. मग विषयच संपला का? की काही मार्ग आहे?

पठारावरची

@जर्सीकर, मी लॅरमीला, वायोमिंगमध्ये असते. मीही हे सगळं एच-१बी वर असतानाच केलं, म्हणून लिहिते.

केंद्राच्या कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. पण त्याला अपवाद आहेत, आणि अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला एक. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि तोवर घरात बंदूक पडून असेल तर तुम्ही थेट कायद्याच्या तडाख्यात सापडता. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. धनुष्यबाण त्या कायद्याच्या लेखी बंदूक नाही. माझा सल्ला: आधी प्रशिक्षण, मग इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलणं, आणि पहिलं वर्ष धनुष्य. तुमच्या न्यू जर्सीत हरणाला रायफल चालतच नाही. शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्य.

मैदानावर सराव करायला मित्राची बंदूक हातात घेतली तरी ते 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं. कुणी म्हणालं "काही होत नाही", तर ऐकू नका. व्हिसा तुमचा आहे.

डोंगरवाट

@अबोली_पुणे, त्याने किती सोसलं हे मला माहीत नाही, पण सोसलं. ते माझ्या चुकीमुळे झालं आणि मी ते हलकं करून सांगणार नाही. पुढच्या वर्षी जनावर आडवं, स्थिर, आणि दोन्ही पुढचे पाय जमिनीवर असल्याशिवाय बोट चापावर जाणार नाही.

का जातो, याचं उत्तर: मी मांस खातो. बारा वर्षं प्लास्टिकच्या ट्रेमधून खाल्लं आणि त्या जनावराचा चेहरा एकदाही आठवला नाही. हे हरीण मोकळ्या डोंगरात जगलं. त्याचा शेवट माझ्या हातून झाला आणि त्याचं ओझं मी वाहिलं. तुम्हाला हे पटेल असं नाही, आणि तसा आग्रहही नाही.

गडगा

रत्नागिरीकडचा आहे. लेख वाचताना आजोबा आठवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधीची गोष्ट. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्यावर. भातात डुकरं शिरली की वाडीतले सगळे मिळून रान हाकायचे. हाकेकरी एका अंगाने, बंदूकवाले दुसऱ्या अंगाला बसलेले. डुक्कर पडलं की वाटे घालायचे. ज्याची गोळी त्याला जास्तीचा वाटा, बाकी हाकेला आलेल्या प्रत्येकाला सारखा, पोरालासुद्धा. घरात बसून राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांना पानात बांधून पोचवायचं. एक वाटा कुत्र्यांचा.

भेकर मात्र आजोबा मारत नसत. एकदा मादी पडली आणि जवळच पाडस निघालं, तेव्हापासून. आज कायद्याने हे सगळं बंद आहे आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे रानं उरली किती आणि माणसं किती! तुमच्याकडे मोजून परवाने देतात. आपल्याकडे मोजणार कोण आणि आकडा ऐकणार कोण?

एक शंका: तिथे ठासणीची चालते का?

डोंगरवाट

@गडगा, चालते, आणि तिचा वेगळा हंगाम असतो. सप्टेंबरमध्ये, वर अस्पेनची पानं पिवळी झालेली असताना. एक बार, मग पुन्हा दारू ठासा. धनुष्याचा हंगामही त्याच सुमाराला असतो. वाट्यांची गोष्ट आजोबांना सांगितली, शेजारच्या आजोबांना म्हणजे. ते बराच वेळ गप्प होते आणि मग कुत्र्याच्या वाट्याबद्दल पुन्हा विचारलं.

मोजणीदार

नकाशाचा माणूस आहे, म्हणून जमिनीबद्दल विचारतो. सार्वजनिक आणि खासगी अशी मिसळलेली असेल तर डोंगरात हद्द कळते कशी? आपल्याकडे गायरानाची हद्द गावालासुद्धा धड माहीत नसते.

पठारावरची

@मोजणीदार, बरोबर दुखरी जागा पकडलीत. माझ्या भागातला सगळा झगडा हाच आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन दिली, ती एकाआड एक चौरस मैल. ६४० एकर रेल्वेला, पुढचे ६४० सरकारकडे. रेल्वेने आपले चौकोन विकले, त्यांची कुरणं झाली. त्यामुळे दक्षिण वायोमिंगचा नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. सार्वजनिक चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यावर, एका बिंदूत भेटतात. उंट जसा पटावर तिरका सरकतो तसं एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जाता येतं का? पाय खासगी मातीला लागत नाही, पण अंग क्षणभर खासगी हवेतून जातं. इतक्या वर्षांत याचं स्पष्ट उत्तर नव्हतं, त्यामुळे लाखो एकर सार्वजनिक जमीन भोवतालच्या मालकांच्या कुंपणाआड गेल्यातच जमा होती.

मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क मौंटनजवळ तसा कोपरा ओलांडला. दुसऱ्या वर्षी तर कोपऱ्यावरच्या खांबांवरून जायला घडवून घेतलेली शिडी आणली, जमिनीला पाय लागू नये म्हणून. फौजदारी खटल्यात ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवलं. जमीनमालकाने दिवाणी दावा लावला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याचा आधार १८८५ चा एक कायदा, सार्वजनिक जमिनीची वाट कुंपणाने अडवू नये असं सांगणारा. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. हा निकाल कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या सहा राज्यांना लागू आहे. मोंटाना त्या सर्किटमध्ये येत नाही, तिथल्या मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये.

हद्द कळते ती फोनमधल्या नकाशावर. ऑनएक्ससारखी अ‍ॅप्स आहेत, जमिनीच्या नोंदींवरून रंग दाखवतात. डोंगरात रेंज नसते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्यायचा आणि फोन छातीजवळ उबेत ठेवायचा, नाहीतर थंडीत बॅटरी मरते. हद्दीपासून पन्नास पावलं अलीकडेच थांबा. लागलेलं जनावर खासगी जमिनीत जाऊन पडलं तर मालकाची परवानगी मिळेपर्यंत तुम्ही कुंपणाशी उभे. माझ्यावर एकदा ती वेळ आली आहे. मालकीणबाई भल्या होत्या, स्वतः ट्रॅक्टर घेऊन आल्या.

आणि २०२५ मध्येच सिनेटच्या एका विधेयकात पश्चिमेकडची वीस लाखांहून जास्त एकर सार्वजनिक जमीन विकायची तरतूद घातली होती. शिकारी, मासेमार, गिर्यारोहक, पक्षीवाले, एरवी एकमेकांशी न बोलणारे सगळे एकत्र आले आणि जूनअखेर ती मागे घ्यावी लागली. मी आयुष्यात पहिल्यांदा सिनेटरच्या कार्यालयात फोन केला. ही जमीन माझ्या नावावर नाही म्हणूनच ती माझी आहे. गेली की परत मिळणार नाही.

अबोली_पुणे

@पठारावरची, हे माहीत नव्हतं. जमिनीबाबत मी तुमच्या बाजूची आहे. शिकारीचा पैसा खरंच रानाला जातो का? की ते बोलायचं म्हणून?

पठारावरची

जातो. १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा. लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. परवान्याचे पैसेही राज्याच्या वन्यजीव खात्यालाच. शिवाय इथे रानातल्या हरणाचं मांस विकता येत नाही. हॉटेलात मिळतं ते पाळलेल्या हरणाचं, बरंचसं न्यूझीलंडचं. बाजारासाठी मारणाऱ्यांनीच एकेकाळी इथली रानं रिकामी केली होती, त्यावरून शिकले. यामुळे तुमचा मूळ आक्षेप मिटत नाही, हे मला कळतं.

पाटावरवंटा

आता मांसाकडे या. मी टेक्सासमध्ये दरवर्षी मित्राकडून आणते आणि नवे लोक तीच चूक करतात: मटण समजून शिजवतात. हरणाला चरबी अगदी कमी, आणि असते ती मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाका. वरचा चंदेरी पापुद्रा धारदार सुरीने सोला. पाठीची पट्टी आणि सुकी यांना मीठ-मिरीपलीकडे काही नको, तव्यावर भर आचेवर, आत गुलाबी असतानाच उतरवा. मसाला घालायचा तो पायांच्या नळ्यांना. कांदा-खोबरं भाजून, धने, थोडं दगडफूल, आणि तेल नेहमीपेक्षा जास्त. खिम्यात बकऱ्याची चरबी मिसळा.

तपासणी कसली म्हणालात?

डोंगरवाट

@पाटावरवंटा, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. मेंदू पोखरणारा रोग, विषाणू नव्हे, बिघडलेल्या प्रथिनाने होणारा. तो पहिल्यांदा दिसला तो इथेच, १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात ठेवलेल्या म्यूल डिअरमध्ये. शिजवून तो जात नाही. माणसाला झाल्याचं आढळलेलं नाही, पण लागण झालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असं सीडीसी, म्हणजे केंद्र सरकारची रोगनियंत्रण संस्था, सांगते. जनावर बाहेरून धडधाकट दिसू शकतं. म्हणून डोकं वन्यजीव खात्याच्या केंद्रावर दिलं, त्यांनी मानेच्या गाठी काढून घेतल्या. कापताना मी कणा आणि कवटी फोडली नाही. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि परवान्याचा क्रमांक लिहिलाय. निकाल वाईट आला तर सगळं टाकावं लागेल. तीन वर्षं, ते पावणेदोन तास, दोन खेपा, सगळं. त्याची मनाची तयारी ठेवून आहे, पण रोज दहादा मेल उघडून बघतो.

जर्सीकर

@पठारावरची, मनापासून आभार. प्रशिक्षणासाठी नाव नोंदवलं. धनुष्यापासूनच सुरुवात करतो.

डोंगरवाट

निकाल आला. रोग नाही.

सकाळी सव्वासातला मेल आला, बायकोला उठवून दाखवला. @पाटावरवंटा, सुकी तुमच्या पद्धतीने केली, मीठ-मिरी आणि तवा. मुलीने दोनदा मागून घेतली. नळ्या कुकरमध्ये आहेत, दगडफूल नव्हतं, तेवढं राहिलं.

@गडगा, शेजारी वाटा घेऊन गेलो होतो. पाठीची एक अख्खी पट्टी, कागदात बांधून, आणि वेगळ्या पुडीत कुत्रीसाठी मानेचे तुकडे. आजोबांनी आधी कुत्रीची पुडी उघडली. मग नकाशा काढून टेबलावर पसरला आणि पहिल्या दिवशीच्या त्या घळीवर बोट ठेवलं. वरच्या अंगाने, धारेवरून एक जुनी गुरांची वाट जाते म्हणाले, सगळी सार्वजनिक. बर्फ वितळला की मे महिन्यात ती चालून बघायची आहे, पाठीवर पंचवीस किलो वाळू घेऊन.